विश्लेषण : घरच्या लँडलाइनवरचे नकोसे फोन कसे गाळायचे?

मोबाइलवर अनोळखी फोन आला की पडद्यावर लाल पट्टी येते, ‘स्पॅम’ अशी सूचना दिसते आणि एका बोटाने नंबर ब्लॉक करता येतो. हॉलमधल्या लँडलाइनला यातले काहीच जमत नाही. ती वाजते आणि घरात जो असेल तो उचलतो. भर दुपारी उचलणारा हा माणूस बहुतेक वेळा घरातला सर्वांत ज्येष्ठ असतो. कर्ज, प्लॉट, ‘अडकलेला पॉलिसी बोनस’ इथपासून ते ‘तुमच्या नावाचे पार्सल कस्टममध्ये पकडले आहे’ इथपर्यंतचे सगळे फोन मग थेट त्याच्याच कानावर पडतात. हे फोन रोखण्यासाठी कोणत्या सोयी आहेत, त्यातल्या लँडलाइनवर खरोखर चालणाऱ्या कोणत्या आणि घरच्यांनी काय करावे, याविषयी.

लँडलाइन आता वापरते कोण?

लँडलाइन संपली, असे मानले जात असताना ती मागच्या दाराने परत आली आहे. २०२० मध्ये देशातील लँडलाइनची संख्या २ कोटींच्या आसपास घसरली होती. त्यानंतर घरोघरी फायबर इंटरनेट पोहोचले आणि त्या जोडणीबरोबर फोनची लाइनही येऊ लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये तर लँडलाइन ग्राहकांच्या संख्येत रिलायन्स जिओने बीएसएनएलला मागे टाकले. 

त्यामुळे आज घरात दोन प्रकारच्या लँडलाइन दिसतात. एक, बीएसएनएल किंवा एमटीएनएलची तांब्याच्या तारेवरची जुनी लाइन. दुसरी, फायबरच्या डब्याला मागून जोडलेली नवी लाइन. बाहेरून दोन्ही फोन सारखेच दिसतात, पण आतली व्यवस्था वेगळी असते. नकोसे फोन रोखण्याचे कोणते उपाय चालतील, हे याच फरकावर ठरते. 

लँडलाइनचा नंबर या लोकांना मिळतो कुठून?

कित्येकदा कुठूनच मिळवावा लागत नाही. एसटीडी कोड धरून लँडलाइनचा क्रमांक १० आकडी असतो. मुंबईचा ०२२ किंवा पुण्याचा ०२० हा कोड ठरलेला, पुढचे आकडे एक्स्चेंजप्रमाणे सलग गटांत वाटलेले. संगणकाला एका गटातला पहिला नंबर दिला की तो पुढचे हजारो नंबर ओळीने फिरवू शकतो. त्यातला जो उचलला जाईल तो ‘चालू नंबर’ म्हणून यादीत जातो.

दुसरे कारण म्हणजे नंबरचे वय. मोबाइल नंबर बदलतो, लँडलाइनचा वर्षानुवर्षे तोच राहतो. तो कधीकाळी छापील टेलिफोन डिरेक्टरीत नाव-पत्त्यासह आला होता. बँकेच्या, विम्याच्या, गॅसच्या अर्जांवर आणि सोसायटीच्या वहीत तो लिहिलेला आहे. त्यामुळे फोन करणाऱ्याने आडनाव किंवा गल्लीचे नाव बरोबर सांगितले, तरी तो ‘आपल्या बँकेतलाच’ असल्याचे सिद्ध होत नाही. 

फोन उचलल्यावर दोन-तीन सेकंद पलीकडे शांतता का असते?

कॉल सेंटरमध्ये माणूस नंबर फिरवत बसत नाही. ‘ऑटो डायलर’ नावाची यंत्रणा एकाच वेळी अनेक नंबर लावते. कोणी ‘हॅलो’ म्हणाले की तो आवाज ओळखून मोकळ्या असलेल्या कर्मचाऱ्याला जोडते. या जोडाजोडीला लागणारा वेळ म्हणजेच ती शांतता. कोणी मोकळे नसेल तर फोन आपोआप तुटतो. ‘फोन वाजतो, उचलला की कोणी बोलत नाही’ ही अनेक घरांतली तक्रार असते, तिचे एक कारण हे आहे. 

यातून एक साधी युक्ती मिळते. अनोळखी फोन उचलल्यावर आपण आधी बोलायचे नाही, मनात तीनपर्यंत आकडे मोजायचे. ओळखीचा माणूस स्वतःहून ‘हॅलो, आहात का?’ म्हणतो. यंत्राला आवाज मिळाला नाही तर अनेकदा ते पुढच्या नंबरकडे वळते. 

ट्रूकॉलरसारखे अ‍ॅप लँडलाइनला का चालत नाही?

अ‍ॅप चालायला संगणक लागतो. मोबाइल हा संगणक आहे. साधी लँडलाइन म्हणजे घंटा, माइक आणि स्पीकर. फोन कोणाचा आहे, याची तिला मिळणारी माहिती एवढीच, की एक्स्चेंजने पाठवलेला नंबर. तो दाखवण्याच्या सोयीला कॉलर आयडी म्हणतात. काही एक्स्चेंज हा नंबर पहिल्या रिंगच्या आधी, बटण दाबल्यावर येणाऱ्या सुरांच्या रूपात पाठवतात. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत, सेकंदाला १,२०० बिट अशा आजच्या हिशेबाने अगदी संथ गतीने तो येतो. म्हणून पहिल्या रिंगला झडप घालून फोन उचलला तर पडद्यावर नंबर उमटायलाच वेळ मिळत नाही. दोन रिंग वाजू देणे हा गाळणीचा पहिला नियम आहे. 

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. दिसणारा नंबर म्हणजे पाकिटावर लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ता. बहुतेकदा तो खरा असतो, पण तो पुरावा नव्हे. परदेशातून येणारे, पण भारतीय मोबाइल नंबर दाखवणारे बनावट फोन अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच असे सुमारे १ कोटी ३५ लाख फोन पकडले गेले. 

स्थानिक कोड दिसला म्हणजे फोन गावातलाच, हेही आता खरे राहिलेले नाही. कंपन्या घेतात त्या एका पीआरआय लाइनवरून एकाच वेळी ३० संभाषणे चालतात आणि इंटरनेटवर चालणाऱ्या लाइनवर तर आकडा आणखी वाढवता येतो. ०२२ किंवा ०२० ने सुरू होणारा नंबर शेजारच्या दवाखान्याचा असू शकतो, तसाच कॉल सेंटरचाही.

पहिली चाळणी : १९०९ वर नोंदणी कशी करायची?

व्यापारी फोन नको असल्याची नोंद करण्याची सोय देशात २००७ पासून आहे. सुरुवातीला तिचे नाव ‘डू नॉट कॉल’ नोंदवही होते, आजही लोक तिला डीएनडी म्हणतात. सध्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, २०१८ चे नियम लागू आहेत. ही सोय लँडलाइनलाही आहे, हे मात्र अनेकांना माहीत नसते. मोबाइलवर डीएनडी केले म्हणजे घरचा फोनही सुटला, असे होत नाही. नोंद प्रत्येक नंबरची वेगळी असते. 

त्यासाठी ज्या लँडलाइनची नोंद करायची तिच्यावरूनच १९०९ फिरवायचा आणि सूचनांप्रमाणे बटणे दाबायची. सगळेच जाहिरातीचे फोन बंद करता येतात किंवा निवडक. बँक-विमा-वित्त, मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व वाहने, दळणवळण-मनोरंजन, पर्यटन आणि खाद्यपदार्थ असे आठ गट आहेत. ज्येष्ठांच्या घरी ‘सगळे बंद’ हाच पर्याय सोयीचा. बँकेचे व्यवहाराबाबतचे आवश्यक फोन त्यामुळे थांबत नाहीत. 

नोंद असूनही फोन आला तर १९०९ वरच तक्रार करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम बदलले. तक्रारीची मुदत पूर्वी तीन दिवस होती, ती सात दिवस झाली. नोंदणी नसलेल्या, म्हणजे साध्या नंबरवरून जाहिरात करणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडी नोंद असण्याची अटही काढली गेली. अशा नंबरविरुद्ध १० दिवसांत पाच तक्रारी आल्या तर कंपनीला कारवाई करावी लागते. पहिल्या वेळी त्या नंबरवरून बाहेर जाणारे फोन १५ दिवस बंद होतात. पुन्हा तेच घडले तर सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. तक्रारीत फोन आला तो नंबर, तारीख आणि फोन कशाबद्दल होता ते सांगावे लागते. म्हणजे फोनला पडदा नसेल तर तक्रारही करता येत नाही. 

१४० आणि १६०० या आकड्यांचा अर्थ काय?

नोंदणीकृत जाहिरातदारांनी १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच फोन करायचे आहेत. व्यवहार आणि सेवेच्या फोनसाठी १६०० ची मालिका ठेवण्यात आली असून बँका, विमा कंपन्यांसारख्या वित्तसंस्थांना टप्प्याटप्प्याने तिकडे नेले जात आहे. लँडलाइनच्या छोट्या पडद्यावर नाव दिसत नसले, तरी हे तीन-चार आकडे नक्की दिसतात. म्हणून घरच्यांना शिकवायला हा सर्वांत सोपा धडा : १४० दिसले तर उचलू नका. १६०० दिसले तर ऐकून घ्या, पण पिन, ओटीपी तिथेही सांगू नका. दहा आकडी साध्या मोबाइलवरून कोणी ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणाले, तर फोन ठेवून द्या आणि पासबुकावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. 

एवढे करूनही फोन का येतात?

कारण डीएनडी ही दारावरची ‘विक्रेत्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. विक्रेता ती वाचतो, चोर वाचत नाही. ट्रायच्या ऑगस्ट २०२४ च्या आदेशानंतर काही आठवड्यांतच नोंदणी नसलेल्या जाहिरातदारांच्या २ लाख ७५ हजार जोडण्या तोडण्यात आल्या आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या. एवढे नंबर एका झटक्यात सापडतात, यावरूनच नियमाबाहेर चालणाऱ्या धंद्याचा पसारा कळतो. फसवणारी टोळी तर नोंदणीच्या वाटेला जातच नाही. तेव्हा पहिल्या चाळणीने गर्दी कमी होते, पण धोका जात नाही. त्यासाठी दुसरी चाळणी घरातल्या फोनवर आणि तिसरी माणसाच्या सवयीत बसवावी लागते. 

दुसरी चाळणी : फोनचे यंत्र बदलून काय साधते?

घरात अजून पडदा नसलेला जुना फोन असेल तर आधी कॉलर आयडीचा फोन आणावा. साधे फोन साधारण हजार-दीड हजार रुपयांत मिळतात. तांब्याच्या लाइनवर नंबर दिसत नसेल तर दोन गोष्टी तपासायच्या. एक, कॉलर आयडीची सोय एक्स्चेंजकडून सुरू आहे का. नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात अर्ज करावा लागतो. दोन, फोनमधले पेन्सिल सेल. बऱ्याच फोनचा पडदा सेलवर चालतो. सेल संपले तरी फोन वाजत राहतो, पडदा मात्र कोरा होतो आणि महिनोन्‌महिने ते कोणाच्या लक्षात येत नाही. 

आतल्या खोलीत पॅरलल लावलेला फोन असेल तर त्यालाही पडदा हवा. नाहीतर बाहेरच्या फोनवर नंबर दिसतो आणि आई आतला फोन उचलते. निदान आतल्याची घंटा तरी बंद ठेवावी. 

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘कॉल ब्लॉक’ची सोय असलेले कॉर्डलेस फोन. त्यात नको असलेले नंबर साठवता येतात आणि त्यांच्यावरून फोन आला तर घंटा वाजत नाही. काहींमध्ये सुरुवातीचे आकडे देऊन पूर्ण मालिका रोखता येते. खरेदीपूर्वी ही सोय आहे का, हे विचारून घ्यावे, कारण १४० साठी ती फार उपयोगी पडते. मात्र एकेक नंबर ब्लॉक करत बसण्याला मर्यादा आहे. फसवणारे नंबर सतत बदलतात आणि फोनची यादी भरून जाते. 

त्यापेक्षा उलटा मार्ग जास्त कामाचा : ओळखीच्या दहा-पंधरा नंबरांना वेगळी घंटा लावणे. ही सोय अनेक कॉर्डलेस फोनमध्ये असते. मुलगी, मुलगा, बहीण, डॉक्टर, औषधांचे दुकान, सोसायटीचा वॉचमन यांची घंटा वेगळी वाजली की स्वयंपाकघरातून धावत येण्याची गरज उरत नाही. ही बाब किरकोळ नाही. वाजणारा फोन उचलायला घाईने निघालेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला, तर तो नकोसा फोन किती महागात पडतो, हे सांगायला नको.

ऑनलाइन बाजारात लाइन आणि फोन यांच्या मध्ये जोडायचे ‘कॉल ब्लॉकर’ डबेही दिसतात. त्यांच्यात आधीपासून भरलेल्या हजारो नंबरांची जाहिरात असते. ते नंबर ब्रिटन-अमेरिकेतले असतील, तर आपल्याला त्यांचा उपयोग नाही. शिवाय आपल्या एक्स्चेंजची नंबर पाठवण्याची पद्धत त्या डब्याला समजली नाही तर तो एकही फोन ओळखणार नाही. परत करण्याची सोय असेल तरच घ्यावा. 

फायबरच्या लँडलाइनवर वेगळे काय करता येते?

फायबरच्या लाइनवर आवाज इंटरनेटच्या डेटासारखाच प्रवास करतो आणि घरातला डबा त्याचे रूपांतर साध्या फोनला समजेल अशा सिग्नलमध्ये करतो. त्यामुळे सोयी वाढतात. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमधून घरचा लँडलाइन नंबर मोबाइलवरही वापरता येतो. जिओचे जिओजॉइन हे त्याचे उदाहरण. आलेल्या फोनची यादी तिथे दिसते. आईबाबांना नंबर लिहून ठेवता आला नाही तरी घरातले दुसरे कोणी तो शोधून १९०९ वर तक्रार करू शकते. 

या फरकाचे महत्त्व अमेरिकेत दिसले. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने यांत्रिक फोन रोखण्यासाठी स्पर्धा घेतली होती. २०१३ मध्ये तिच्या विजेत्यांपैकी एक होती ‘नोमोरोबो’ ही कल्पना. तिच्यात फोन एकाच वेळी घरी आणि कंपनीच्या संगणकावर वाजतो. नंबर बदनाम यादीत असेल तर संगणक तो उचलून तोडतो आणि घरी एकच रिंग ऐकू येते. ही सेवा इंटरनेटवरच्या लँडलाइनला मिळाली, तांब्याच्या लाइनवाल्यांना मिळाली नाही, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी रिंग देणे जुन्या एक्स्चेंजला जमत नव्हते. आपल्याकडच्या लाइनवर ती चालत नाही, पण गाळणी नेटवर्कमध्येच बसवता येते, हे तिने दाखवून दिले. 

फायबरची एक उणी बाजूही आहे. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट वीज मिळते, त्यामुळे घरातली वीज गेली तरी साधा फोन चालतो. फायबरचा डबा वीज गेली की बंद पडतो. वृद्ध माणसे एकटी राहत असतील तर तो इन्व्हर्टरवर घ्यावा. 

अनोळखी फोन उचललाच नाही, तर महत्त्वाचा फोन चुकणार नाही का?

हीच खरी अडचण आहे. हॉस्पिटलमधून, नव्या कामवाल्या बाईंचा किंवा प्रवासात अडकलेल्या नातवाचा फोन अनोळखी नंबरवरूनच येऊ शकतो. सगळेच दार बंद करणे हा उपाय नाही. दाराला साखळी लावून फटीतून आधी कोण आहे ते पाहणे, हा उपाय आहे. 

त्यासाठी दोन सोयी आहेत. पहिली, अ‍ॅन्सरिंग मशीन असलेला फोन. अनोळखी नंबर आला की मशीनला उचलू द्यायचे. ‘कृपया नाव आणि काम सांगा’ एवढाच मराठीत निरोप ठेवायचा, त्यात आपले नाव किंवा ‘आम्ही गावाला गेलो आहोत’ असे काही नको. समोरचा बोलू लागला की स्पीकरवर आवाज ऐकू येतो. ओळखीचा असेल तर लगेच उचलायचे. विकणारा बहुधा निरोप न ठेवताच फोन ठेवतो. 

दुसरी सोय म्हणजे ‘उत्तर न मिळाल्यास फोन वळवा’. काही वेळ घंटा वाजूनही फोन उचलला गेला नाही तर तो मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलवर जातो. ज्येष्ठांनी अनोळखी फोन वाजू द्यायचा, बाकीचे मोबाइलवाला पाहील. ही सोय सुरू करण्याचा कोड कंपनीनुसार, जुन्या लाइनवर तर एक्स्चेंजनुसारही बदलतो, शिवाय वळवलेल्या फोनचे शुल्क लागू शकते. म्हणून कंपनीला विचारूनच ती सुरू करावी. फोनवर कोणी अनोळखी माणूस ‘अमुक कोड दाबा’ म्हणाला तर अजिबात दाबू नये. फोन दुसरीकडे वळवून ओटीपी पळवण्याचे प्रकार वाढल्यामुळेच मोबाइलवरची कोड दाबून फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद करण्याचा आदेश दूरसंचार विभागाला काढावा लागला होता. 

तिसरी चाळणी : फोनवर बोलायचे काय?

फोन ही मोठी गोष्ट होती त्या काळात आजची सत्तरीतली पिढी वाढली. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबल्यावर घरी फोन यायचा. तो वाजला की उचलायचा, समोरच्याशी नीट बोलायचे, त्याला मध्येच तोडायचे नाही, ही तेव्हाची रीत. फसवणारा नेमका याच सभ्यतेचा फायदा घेतो. ‘काकू, घाबरू नका, मी तुमच्या मुलासारखा आहे,’ असे म्हणून तो बोलणे लांबवत जातो. म्हणून घरच्यांनी ‘कोणाशी बोलू नका’ असे दरडावण्यापेक्षा तयार वाक्ये द्यावीत. फोनशेजारी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवावा :

‘कोण बोलताय? कोणाशी बोलायचंय?’ आपले नाव आधी सांगायचे नाही, तेच सांगू देत.

‘तुमचा नंबर सांगा, मुलगा फोन करेल.’ खरे काम असणारा नंबर देतो.

‘आत्ता जमणार नाही, ठेवते.’ आणि ठेवून द्यायचे. यात उद्धटपणा काहीच नाही.

काय सांगायचे नाही, हेही कागदावर हवे : घरी एकटे आहोत, मुलगा परदेशी असतो, पेन्शन कोणत्या बँकेत येते, आधारचे आकडे, ओटीपी. पेन्शनरांना ‘हयातीचा दाखला फोनवरच अपडेट करतो’, ‘वीजबिल भरले नाही, आज रात्री लाइट कापू’, ‘दोन तासांत तुमचा टेलिफोन बंद होईल, नऊ दाबा’ असे फोन येतात. ग्राहकाचा फोन बंद करण्यासाठी आम्ही कोणाला फोन करत नाही, असे ट्रायने जाहीर केलेले आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही सांगितले होते. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय फोनवर अटक करत नाही आणि सुटकेसाठी पैसे मागत नाही. 

घरच्यांनी एकमेकांसाठी खूण ठरवावी. ‘दोन रिंग द्यायच्या, कट करायचे आणि लगेच पुन्हा फोन’ ही मिस्ड कॉलच्या जमान्यातली पद्धत अजूनही उत्तम चालते. परदेशातल्या मुलांचा फोन भलत्याच नंबरवरून दिसू शकतो, तिथे तर ती फार उपयोगी. शिवाय एक घरगुती शब्द ठरवून ठेवावा. ‘आजी, माझा अपघात झालाय, पैसे पाठव’ असा रडवेला आवाज आला तर आजीने तो शब्द विचारायचा. आवाजाची नक्कल करणे आता अवघड राहिलेले नाही, घरातला शब्द मात्र नक्कल करणाऱ्याला ठाऊक नसतो. 

फोन ठेवला तरी लाइन सुटत नाही, म्हणजे काय?

हा तांब्याच्या जुन्या लाइनवरचा खास धोका. काही एक्स्चेंजमध्ये फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला नाही, तर उचलणाऱ्याने ठेवल्यावरही लाइन काही वेळ जोडलेली राहते. ब्रिटनमध्ये याचा फायदा घेऊन अनेक वृद्धांना फसवण्यात आले. ‘खात्री करायला बँकेला फोन करा,’ असे ठग स्वतःच सांगायचा आणि पलीकडून डायल टोनचा आवाज ऐकवायचा. बँकेचा नंबर फिरवणारा माणूस प्रत्यक्षात त्याच टोळीशी बोलत असायचा. शेवटी तिथल्या कंपन्यांनी लाइन सुटण्याचा वेळ काही सेकंदांवर आणला. यातून घ्यायचा धडा सोपा आहे. संशयास्पद फोननंतर खात्री करायची असेल तर दुसऱ्या फोनवरून करा. दुसरा नसेल तर काही मिनिटे थांबा आणि आधी ओळखीच्या माणसाचा नंबर लावून पाहा. 

मोबाइलवर नाव दिसणार, मग लँडलाइनवर कधी?

फोन करणाऱ्याचे नोंदणीतले नाव पडद्यावर दाखवण्याच्या सोयीची शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्राय आणि दूरसंचार विभाग यांच्यात तिच्या स्वरूपावर एकमत झाले. सुरुवात मात्र ४जी आणि त्यापुढच्या नेटवर्कवर आहे. तांब्याच्या लाइनवरच्या साध्या फोनला एक ओळ आकडे दाखवण्याइतकाच पडदा असतो. तिथे नावाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. उपाय आपल्यालाच करावे लागतील. 

मग लँडलाइन काढूनच टाकावी का?

फायबरबरोबर आलेली लाइन कोणी वापरतच नसेल तर फोनची पिन काढून ठेवावी. इंटरनेटवर परिणाम होत नाही. पण ज्यांना कमी ऐकू येते, ज्यांची बोटे मोबाइलच्या पडद्यावर चालत नाहीत, ज्यांच्या घरात मोबाइलला रेंज नाही, त्यांच्यासाठी लँडलाइन हा बाहेरच्या जगाशी बोलण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ठगांच्या भीतीने तो बंद केला तर आत्याशी रोज संध्याकाळी होणाऱ्या गप्पाही बंद होतात. 

फसवणूक झालीच तर काय करावे?

वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, त्यामुळे पहिले काही तास महत्त्वाचे. पैसे गेले नाहीत, पण फोन संशयास्पद होता, तर ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सोयीत त्याची माहिती देता येते. ती ऑनलाइन भरावी लागत असल्याने घरातल्या तरुणांनी ते काम अंगावर घ्यावे. आणि फसलेल्या माणसाला ‘तुम्ही उचललाच कशाला?’ असे विचारू नये. ओरडा बसेल या भीतीनेच अनेक ज्येष्ठ झालेला प्रकार दिवसेंदिवस लपवतात आणि हातातले ते तास निघून जातात. 

एका रविवारी आटोपणारी कामे 

– लँडलाइनवरून १९०९ फिरवून ‘सगळे जाहिरातीचे फोन बंद’ अशी नोंद करा. 
– पडदा असलेला फोन बसवा, सेल बदला, स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून नंबर दिसतो का ते पाहा. 
– ओळखीचे १०-१५ नंबर भरा, शक्य असेल तर त्यांना वेगळी घंटा लावा. १४० ची मालिका रोखा. 
– ‘उत्तर न मिळाल्यास फोन वळवा’ ही सोय कंपनीकडून सुरू करून घ्या. परदेशी फोनची गरज नसेल तर लाइनवरची आयएसडी बंद ठेवा.
– तयार वाक्यांचा कागद, १९०९ आणि १९३० हे दोन नंबर आणि बँकेचा पासबुकावरचा नंबर फोनशेजारी लावा. 
– घरातला शब्द ठरवा आणि आईबाबांशी एकदा खोटा फोन करून सराव करा. पहिल्या वेळी ते हसतील, दुसऱ्या वेळी ‘तुमचा नंबर सांगा, मुलगा फोन करेल’ हे वाक्य सहज तोंडात येईल.